तळाची फाईल: भरलेल्या स्टोरेज पूलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय. सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली, एक एसी, एक यूपीएस आणि एकच दणकट मशीन. त्यावर उबुंटू, आणि एकाच मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल (आभासी) मशीन चालवणारे केव्हीएम आणि लिबव्हर्ट. दोन एसएसडी आरशासारख्या जोडलेल्या आणि त्यावर फक्त व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कसाठी १६०० जीबीचं वेगळं एक्स्ट-४ (डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) पार्टिशन. ही मांडणी मीच चार वर्षांपूर्वी करून दिली होती. रोजचं काम संगणक विभागातला एक मुलगा बघतो, मी अडलं-नडलं तर व्हीपीएनवरून येतो.

पूलमध्ये, म्हणजे या सामायिक जागेत, आठ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) होत्या. मुख्य डेटाबेसला ६०० जीबीची डिस्क, फाईल सर्व्हरला ५००, हिशेबाच्या विंडोजला ३००, जुन्या सॉफ्टवेअरच्या मशीनला २५०, ॲप्लिकेशनला २००, पिग्मीच्या अपलोडला १२०, हजेरीला ८०. शिवाय सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी चाचणीसाठी मागून घेतलेली डेटाबेसची नक्कल, पुन्हा ६००. बेरीज २६५० जीबी.

१६०० च्या जागेत २६५० कसे? सगळ्या डिस्क क्यूकाउ२ प्रकारच्या. ही फाईल सुरुवातीला काही केबींची असते आणि आत लिहिलं जाईल तशी फुगत जाते. ‘विर्श’ ही लिबव्हर्टशी बोलायची कमांड; तिला ‘विर्श व्हॉल-इन्फो’ विचारलं की दोन आकडे येतात, कपॅसिटी आणि ॲलोकेशन. कपॅसिटी म्हणजे व्हीएमला दिलेला शब्द, ॲलोकेशन म्हणजे प्रत्यक्ष खर्च. सगळ्यांनी एकाच दिवशी शब्दाप्रमाणे जागा मागितली नाही तर गाडी चालते. भिशीसारखंच आहे हे.

मुलगा दर महिन्याला डिस्क तपासायचा, पण प्रत्येक व्हीएमच्या आत शिरून. आतून प्रत्येक डिस्क अर्धी रिकामीच दिसायची. बाहेरून पूल किती भरलाय, ते कोणी पाहत नव्हतं. मीही नाही.

अडचण

मार्चचा मधला आठवडा, गुरुवार, संध्याकाळचे पावणेसात. फोन आला की पिग्मीचे एजंट मशीन घेऊन काउंटरवर उभे आहेत, अपलोड होत नाही, डेटाबेस हँग झालाय. संध्याकाळी कलेक्शन चढलं नाही की दुसऱ्या दिवशीच्या याद्या मशीनमध्ये भरता येत नाहीत, आणि मार्चमध्ये एक दिवस बुडणं म्हणजे एजंटांच्या शिव्या.

“सर, फोर्स ऑफ करून चालू करू का?” हा त्याचा पहिला प्रश्न.

“थांब. कशालाच हात लावू नको. मी आत येतो.”

हा पहिला निर्णय, आणि तो घाईत बरोबर निघाला. ‘विर्श लिस्ट --ऑल’ मध्ये तीन व्हीएमसमोर ‘पॉज्ड’ होतं: डेटाबेस, पिग्मी आणि चाचणीची नक्कल. ‘विर्श डोमस्टेट --रीझन’ ने कारण सांगितलं, आयओ एरर (वाचण्या-लिहिण्यातली चूक). मग ‘विर्श डोमब्लॉक-एरर’ विचारलं. उत्तर दोन शब्दांचं: नो स्पेस.

होस्टवरची, म्हणजे खऱ्या मशीनवरची, जागा संपली की क्यूएमू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम, व्हीएमला चूक कळवत बसत नाही, तिला आहे तिथे गोठवतो. अडकलेलं लिखाण हातात धरून ठेवतो आणि ‘विर्श रिझ्यूम’ म्हटलं की तेच पुन्हा लिहायला घेतो. म्हणून गोठलेली व्हीएम ही बिघडलेली व्हीएम नसते, जागेची वाट बघणारी असते. त्या क्षणी ‘विर्श डिस्ट्रॉय’, म्हणजे तोच फोर्स ऑफ, केलं असतं तर चालू डेटाबेसची वायर उपटल्यासारखं झालं असतं.

बाकीच्या पाच चालू होत्या. फुगलेल्या फाईलमध्ये आधीच मिळालेल्या जागी लिहायला नवी जागा लागत नाही, त्यामुळे हजेरीचं मशीन आनंदात अंगठे घेत होतं. यामुळेच पहिली पंधरा मिनिटं तिथे सगळे डेटाबेसवर संशय घेत बसले होते.

कशाने भरलं, ते ‘विर्श व्हॉल-लिस्ट --डिटेल्स’ मध्ये दिसलं. चाचणीची नक्कल २४० जीबीवर गेली होती. वर्षअखेरीच्या चाचणीसाठी त्याच दुपारी कोणीतरी तिच्यात बराच डेटा ओतला होता. फाईल सर्व्हर ३४०. पण नजर अडली डेटाबेसवर, कारण त्याच्या नावाच्या दोन फाईल होत्या:

कोअरडीबी डॉट क्यूकाउ२, ३१० जीबी, शेवटचा बदल गेल्या वर्षीच्या जानेवारीत.

कोअरडीबी डॉट प्री-अपग्रेड, ३८५ जीबी, शेवटचा बदल आज संध्याकाळी.

समोरचे पर्याय

या दोन फाईलींनी जे नाट्य केलं, त्यासाठीच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

मुलगा म्हणाला, “सर, प्री-अपग्रेड म्हणजे अपग्रेडच्या आधीचा बॅकअप ना? अपग्रेड होऊन वर्ष झालं. उडवतो, ३८५ जीबी मोकळे.”

मी म्हटलं तारीख बघ. तो क्षणभर थांबला. “अरे हो, ती आजची आहे. मग दुसरी, जानेवारीतली. तिला चौदा महिने कोणी शिवलेलं नाही. व्हीएमच्या डिस्कच्या यादीत, ‘डोमब्लॉक-लिस्ट’ मध्येही ती दिसत नाही. ती उडवू?”

नावावर गेलो तर एक उडते, तारखेवर गेलो तर दुसरी. कोणतीही उडवली तरी डेटाबेस गेला असता. त्याचा दोष नव्हता, दोन्ही तर्क ऐकायला बरोबरच आहेत.

झालं असं होतं. चौदा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर अपग्रेडच्या आधी खबरदारी म्हणून ‘प्री-अपग्रेड’ नावाचा, फक्त डिस्कचा बाह्य स्नॅपशॉट घेतला होता. असा स्नॅपशॉट घेतला की लिबव्हर्ट मूळ फाईल तिथल्या तिथे गोठवतो, ती फक्त वाचण्यापुरती उरते, आणि पुढचं सगळं लिखाण एका नव्या फाईलमध्ये जातं. आपण वेगळं नाव दिलं नाही तर नव्या फाईलला शेपूट म्हणून स्नॅपशॉटचंच नाव लागतं. म्हणजे ‘अपग्रेडपूर्वी’ नावाच्या फाईलमध्ये अपग्रेडनंतरचं सगळं असतं, आणि अपग्रेडपूर्वीचं असतं ते साध्या नावाच्या फाईलमध्ये. नामकरणाची ही पद्धत ज्याने ठरवली त्याला एकदा भेटायचंय.

वरची फाईल तळाच्या फाईलवर उभी असते. जो भाग वर लिहिलेला नाही, तो तळातून वाचला जातो. ‘डोमब्लॉक-लिस्ट’ फक्त वरची दाखवतो. तळ बघायचा तर ‘क्यूएमू-आयएमजी इन्फो --बॅकिंग-चेन’ विचारावं लागतं, आणि व्हीएम चालू असेल तर सोबत ‘-यू’ द्यावा लागतो, नाहीतर फाईलला कुलूप आहे म्हणून कमांड परत फिरते. ती साखळी मी स्क्रीन शेअर करून त्याला दाखवली. दोन मिनिटं गेली, एजंट ओरडत होते, तरी दाखवली.

शिवाय ‘आरएम’ केलं असतं तरी त्या क्षणी एक जीबीही सुटला नसता. क्यूएमूने फाईल उघडी धरलेली असते, नाव जातं पण जागा अडकूनच राहते. फाईल उडवूनही डिस्क भरलेलीच दिसते, मग माणूस घाबरून व्हीएम बंद करतो आणि तेव्हा फाईल खरोखर जाते.

मग उरलं काय? नवी डिस्क घालणं, तर दुकानं बंद होत आली होती आणि मशीनमध्ये मोकळा कप्पाही नव्हता. चाचणीची नक्कल उडवणं, पण ती नेमकी कोणाला हवी आहे हे सांगणारा माणूस फोन उचलेना. स्नॅपशॉट मिटवणं हा खरा इलाज होता, म्हणजे वरच्या फाईलमधला मजकूर तळात उतरवून दोन्हींची एक करणं. पण त्यासाठी तळाची फाईल आधी फुगणार, आणि फुगायलाच जागा नव्हती. घर आवरायचं तर सामान ठेवायला आधी अंगण लागतं.

अंगण सापडलं ते एक्स्ट-४ मध्ये. ही फाईलसिस्टीम बनवताना, आपण सांगितलं नाही तर, ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते. १६०० चे ५ टक्के म्हणजे ८० जीबी. लिबव्हर्टने चालवलेला क्यूएमू रूट म्हणून चालत नाही, वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्यामुळे त्याला ही जागा कधीच मिळत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पार्टिशनवर ही राखीव जागा हवीच. पण इथे पार्टिशनवर डिस्क-फाईलींशिवाय काही नव्हतं.

काय केलं

७ वाजून १० मिनिटांनी ‘ट्यून-टू-एफएस -एम १’, ही राखीव टक्केवारी बदलणारी कमांड. चालू फाईलसिस्टीमवर होतं, एका सेकंदात होतं, काही उडत नाही. ५ टक्क्यांचं १ टक्का झालं आणि ६४ जीबी मोकळे झाले. आधी डेटाबेस रिझ्यूम केला, लॉग बघितला, अडकलेलं लिखाण पुढे सरकलं. मग पिग्मी. चाचणीची व्हीएम मुद्दाम गोठलेलीच ठेवली, कारण ती उठली असती तर मिळालेली जागा तिनेच खाल्ली असती. साडेसातच्या आत पहिला एजंट घरी गेला.

इथे माझी चूक झाली. गोठलेल्या व्हीएमचं घड्याळही गोठतं. ४३ मिनिटांनी उठलेला डेटाबेस ४३ मिनिटं मागे होता आणि तसाच पावत्यांवर वेळ टाकत होता. अकरा पावत्या गेल्यावर काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, “सर, साडेसहा कसे काय?” तेव्हा ‘विर्श डोमटाइम --नाऊ’ मारला. त्या अकरा पावत्यांसाठी व्यवस्थापकांना नोंदवहीत खुलासा लिहावा लागला. रिझ्यूम आणि घड्याळ एकाच दमात करायचं असतं, हे मला माहीत होतं. घाईत राहून गेलं.

दुसरा निर्णय नकलेचा. व्यवस्थापक साहेबांना फोनवर सांगितलं की ही व्हीएम आता कोणाला लागते ते कळत नाही, म्हणून थेट उडवणार नाही. ‘एनएएस’वर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर, ठेवतो आणि मग इथून काढतो. ते म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा, पण उद्या सकाळी काउंटर चालला पाहिजे.” ही व्हीएम गोठलेल्या अवस्थेतच बंद केली, चाचणीची असल्याने तेवढं चालण्यासारखं होतं. २४० जीबी गिगाबिटच्या नेटवर्कवरून जायला चाळीस मिनिटं लागली. दोन्हीकडचे चेकसम (फाईलच्या मजकुरावरून निघणारे पडताळणीचे आकडे) जुळवले, मगच ‘विर्श व्हॉल-डिलीट’. या कमांडला कचरापेटी नसते आणि ती ‘नक्की का’ असंही विचारत नाही. जागा झाली साधारण ३००.

आता स्नॅपशॉट मिटवता आला असता. पण रात्री दहाला एनएएसवर बॅकअप सुटतो, तो होऊ द्यावा आणि ताजी प्रत हातात घेऊन सुरू करावं, असं ठरवलं. दहा वाजता लॉग उघडून बसलो. डेटाबेसच्या डिस्कचा बॅकअप तीन सेकंदांत झाला. “यशस्वी.”

शेकडो जीबी तीन सेकंदांत जात नाहीत.

स्क्रिप्ट उघडली. तिच्यात फाईलचं नाव थेट लिहिलेलं होतं: कोअरडीबी डॉट क्यूकाउ२. तळाची फाईल. रोज रात्री आरसिंक, म्हणजे फक्त बदललेलं उचलणारा कॉपीचा प्रोग्राम, तिला बघायचा, जानेवारीपासून काही बदललेलं नाही हे त्याला दिसायचं, काहीही न उचलता तो यशस्वी म्हणून सही करायचा. चौदा महिने. डेटाबेसचा स्वतःचा डंप (आतल्या मजकुराची काढलेली प्रत) रोज दुपारी वेगळा निघत होता म्हणून परिस्थिती हाताबाहेर नव्हती, पण अख्ख्या मशीनची प्रत म्हणून आपल्याकडे जे होतं ते गेल्या वर्षीचं होतं. स्क्रिप्ट माझी. स्नॅपशॉटही माझाच. हे त्या मुलाला मी तिथेच सांगितलं, कारण तो आपलंच काही चुकलं का म्हणून लॉग चाळत बसला होता.

आता तिसरा निर्णय: ताजी प्रत नसताना मिटवायला घ्यायचं का? थोडा वेळ कागद घेऊन बसलो. मिटवण्याचं काम मध्येच तुटलं तर काय होतं? तळात जे जे उतरलेलं असतं ते वरच्या फाईलमध्येही असतंच, त्यामुळे वरून वाचलं तर चित्र पूर्ण आणि बरोबर राहतं. एकटी तळाची फाईल मात्र ना जुनी ना नवी, अशी होते. आणि जुनी तळाची फाईल शाबूत अवस्थेत कुठे होती? एनएएसवर. तीन सेकंदांच्या त्या निरुपयोगी बॅकअपचा चौदा महिन्यांत पहिला उपयोग त्या रात्री झाला. तरीही डेटाबेसचा नवा डंप आधी काढून एनएएसवर टाकला, त्यात अकरा वाजले.

जागेचा हिशेब राहिला होता. डिस्क ६०० ची, तळ ३१० चा, म्हणजे वाईटात वाईट तो २९० ने फुगणार. हातात ३००. दहा जीबीच्या फरकावर रात्रीची झोप येत नाही. ‘क्यूएमू-आयएमजी मेझर’ ला वरची फाईल दिली की पूर्ण साखळीतला मजकूर एकत्र केला तर किती जागा लागेल ते तो सांगतो. उत्तर आलं सुमारे ४४०. म्हणजे वाढ १३० ची. वर आणि तळात बराच भाग एकच होता, डेटाबेस त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा लिहीत असतो.

सव्वाअकराला वरचा मजकूर तळात उतरवणारी कमांड, ‘विर्श ब्लॉककमिट’, ‘--ॲक्टिव्ह’ सकट. वेग सेकंदाला ८० एमबीवर बांधला, नाहीतर बाकीच्या व्हीएमचा जीव गेला असता. ‘--पिव्हट’, म्हणजे काम होताच तळाच्या फाईलवर उतरायची सूचना, मुद्दाम दिला नाही. चालू डिस्कचं कमिट १०० टक्क्यांवर येतं तेव्हा ते संपलेलं नसतं. दोन्ही फाईली समसमान होतात आणि नवं लिखाण दोन्हीकडे जात राहतं. तिथून तळावर उतरायचं की वरच राहायचं, हे आपण सांगायचं. मला तो थांबा हवा होता.

पाऊणला दहा कमी असताना १०० झाले. आत लॉगिन करून डेटाबेसची चौकशी केली, बरा होता. ‘विर्श ब्लॉकजॉब --पिव्हट’. ‘डोमब्लॉक-लिस्ट’ मध्ये आता साध्या नावाची फाईल दिसू लागली. मुलाने व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला, तो अजून जागा होता.

प्री-अपग्रेड फाईल रात्री उडवली नाही. सकाळचा काउंटर उघडला, कालच्या दिवसाचा ताळा जमला, कुठलीच प्रक्रिया ती फाईल धरून नाही हे ‘एलएसओएफ’ने सांगितलं, तेव्हा उडवली. त्यालाच उडवायला सांगितली. सरळ ‘आरएम’ने उडवल्यामुळे ‘व्हॉल-लिस्ट’ मध्ये ती दिसतच राहिली आणि तो पुन्हा घाबरला. ‘विर्श पूल-रिफ्रेश’ करेपर्यंत लिबव्हर्टला बाहेरचा बदल कळत नाही. स्नॅपशॉटच्या यादीतली नोंदही तशीच होती, ती ‘स्नॅपशॉट-डिलीट --मेटाडेटा’ने काढली.

निष्पत्ती

डेटाबेस ४३ मिनिटं बंद, डेटाची हानी नाही, अकरा पावत्यांवर चुकीची वेळ. रविवारी फाईल सर्व्हर बंद करून त्याच्या डिस्कच्या व्याख्येत ‘डिस्कार्ड’ला ‘अनमॅप’ केलं आणि आत ‘एफएसट्रिम’ चालवलं. आत फाईल डिलीट झाल्याचं बाहेर आपोआप कळत नसतं, हे केल्यावर कळतं. ३४० ची फाईल २०५ वर आली. पूल आता ५६ टक्के भरलेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

राखीव ५ टक्के मुळातच १ टक्का ठेवायला हवे होते का, यावर मी नंतर बराच विचार केला. तसं केलं असतं तर त्या संध्याकाळी अंगण मिळालं नसतं. म्हणून पुन्हा ५ वर नेऊन ठेवलंय, पण आता ते माहीत असलेलं राखीव आहे.

पूल ८० टक्क्यांवर गेला की माझ्या आणि मुलाच्या फोनवर संदेश येतो. दर सोमवारी एक छोटी स्क्रिप्ट सगळ्या कपॅसिटींची बेरीज आणि पूलची खरी जागा शेजारी शेजारी छापते, आणि एकापेक्षा जास्त कड्या असलेली प्रत्येक साखळी वेगळी दाखवते. स्नॅपशॉटच्या नावात आता मिटवण्याची तारीख असते, ‘अपग्रेडपूर्वी’ वगैरे नाही. बॅकअपसाठी ‘विर्श बॅकअप-बिगिन’ वापरतो, त्याला फाईलचं नाव सांगावं लागत नाही, तो व्हीएमला विचारतो.

डेटाबेसची डिस्क एलव्हीएमवर (डिस्कचे थेट कप्पे पाडणारी व्यवस्था) पूर्ण जागा देऊन हलवावी, असं माझं मत आहे. संस्थेने नव्या डिस्कचं कोटेशन पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये धरलंय. चाचणीची नक्कल अजून एनएएसवर पडून आहे, आजपर्यंत कोणी विचारलेली नाही.

आणि परवा व्यवस्थापक साहेबांचा फोन होता. बॅकअपला आता सव्वा तास लागतो, पूर्वी झटक्यात व्हायचा, काही बिघडलंय का म्हणून.